मला बसता येत नव्हतं

हे मी खुर्चीत बसून लिहितेय. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? लोक बसूनच लिहितात. पण मागचा जवळजवळ अख्खा उन्हाळा मला खुर्चीत बसता येत नव्हतं, आणि आमच्या घरातल्या नि गल्लीतल्या सगळ्यांना त्याचा आनंद झाला होता. ती हकिगत सांगायची आहे. मनाच्या आजाराची औषधं नुकतीच सुरू झालेलं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी. त्यांच्या घरच्यांनी तर वाचावंच.

मी छत्तीस वर्षांची, राहते पुण्यात, धायरीत, काम करते डीटीपीचं. पेठेतल्या एका छापखान्यात लग्नाच्या, मुंजीच्या पत्रिका लावायच्या, अधूनमधून एखाद्या अंकाची पानं. नवरा प्रशांत मूळचा अमरावतीचा, इथे एका कंपनीत आहे. मुलगी ओवी, पहिलीत. देवाशी माझा संबंध पत्रिकेवर गणपती उजवीकडे टाकायचा की मधोमध, एवढ्यापुरता. माहेरी कुणी देवदेव करत नसे आणि मलाही कधी गरज वाटली नव्हती.

* * *

आजाराची सुरुवात पत्रिकांतूनच झाली. एक दिवस कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका लावताना मला कळलं की ती माझ्यासाठी आहे. म्हणजे आमंत्रण नव्हे, त्यातला मजकूर. "आपली उपस्थिती प्रार्थनीय" हे वाक्य मी आयुष्यात हजारो वेळा टाइप केलं असेल, पण त्या दिवशी ते मला उद्देशून होतं आणि त्यात धमकी होती. मग बसवरच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, सगळंच माझ्याबद्दल बोलू लागलं.

त्यानंतर आवाज आले. दोन पुरुष. मी जे करेन त्यावर ते आपापसांत बोलत. "आता चहा ठेवतेय." "ठेवू दे, जमतंय का बघू." आपण काय करतो यावर कुणी ना कुणी शेरा मारणं पुण्यात इतकं रोजचं आहे की हे काही वेगळं आहे हे मला बरेच दिवस कळलंच नाही. आता यावर हसते. तेव्हा अंगाला घाम फुटायचा.

मग त्यांनी सांगितलं की घरातल्या अन्नात कुणीतरी काहीतरी मिसळलंय. मी ओवीचा डबा भरायचे आणि ती शाळेला निघायच्या आधी रिकामा करून, धुऊन, पुसून तिच्या दप्तरात ठेवायचे. मला वाटे मी तिला वाचवतेय. माझी सहा वर्षांची मुलगी मधल्या सुट्टीत रिकामा डबा उघडून बसत होती आणि घरी काही बोलत नव्हती, कारण आई रडेल. शेवटी तिच्या बाईंचा प्रशांतला फोन आला. तो कामावरून तसाच निघून घरी आला आणि मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर म्हणजे माझ्याच वयाच्या एक बाई. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, सायकोसिस. प्रशांतचा चेहरा पांढराफटक पडला. मला काहीच वाटलं नाही, कारण माझ्या मते डॉक्टरही त्यांच्यातल्याच होत्या. "किती दिवसांत बरी होईल?" असं प्रशांतनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी झोपू दे. मग बोलू." मला राग आला, आणि त्याच रात्री मी कित्येक दिवसांनी झोपले.

* * *

वॉर्डातलं आयुष्य फार साधं असतं. उठायचं, रांगेत उभं राहून गोळी घ्यायची, सिस्टरसमोर आ करून जीभ उचलून दाखवायची, चहा प्यायचा. लहानपणी रेवड्या लपवायचे तशी एकदा गोळी गालात लपवायचा प्रयत्न केला. सिस्टर म्हणाल्या, "अहो ताई, ती कडू आहे, तुमचंच तोंड खराब होईल. गिळून टाका." मी गिळली. दुपारी त्या मला चादरींच्या घड्या घालायला बोलवायच्या. कोपरे जुळवून घडी घालताना आवाज जरा लांब जायचे, म्हणून मला ते काम फार आवडायचं.

गोळीनं आवाज एकदम बंद झाले नाहीत. शेजारच्या घरातला टीव्ही कुणी हळूहळू कमी करत न्यावा तसे ते बारीक होत गेले. दोन आठवड्यांनी घरी आले तेव्हा ते जवळपास गेले होते. दुकानाची पाटी ही पुन्हा नुसती दुकानाची पाटी झाली होती. ओवीच्या डब्यात पोळी-भाजी ठेवली, झाकण लावलं आणि ते लावलेलंच राहिलं.

मदतीला अमरावतीहून माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्यांना मी आई म्हणते. मोठ्या मनाची, मोठ्या आवाजाची बाई. आल्या आल्या त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माय वं, किती वाळली पोरगी. काही नाही होत, मी हावो ना." त्यांच्यासमोर मला आजाराची लाज कधीच वाटली नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल थोडं वेडंवाकडं येणार आहे.

* * *

घरी आल्यावर काही दिवसांतच ते सुरू झालं. नेमकं काय सुरू झालं हे सांगणं अवघड आहे. पाय दुखत नव्हते. खाज नव्हती, मुंग्या नव्हत्या. पण जेवायला बसले की दोन घासांतच आतून कुणीतरी ऊठ ऊठ करायला लागे, आणि हा आवाज नव्हता, हे अंगातूनच येत होतं. उठले की बरं वाटायचं, पण उभंही राहवेना. या पायावरून त्या पायावर. मग चालायचं. चालत असेतोवर जरा जीव थाऱ्यावर, थांबलं की पुन्हा तेच.

मी उभ्यानं जेवायला लागले. टीव्ही उभ्यानं बघायचे. ओवीला मराठीच्या पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचून दाखवायचा असायचा, तर ती पुस्तक हातात धरून माझ्या मागे मागे हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये वाचत फिरायची. "आई, बस ना गं," ती म्हणायची. मी बसायचे. तिचं वाक्य संपायच्या आत उठायचे. काही दिवसांनी तिनं म्हणणं सोडून दिलं आणि धडा आजीला वाचून दाखवू लागली. ते मला फार लागलं.

खालच्या मजल्यावरचे काका एक दिवस वर आले. अगदी अदबीनं म्हणाले, "आपल्याकडे शिफ्टिंग चालू आहे का? नाही, गेले काही दिवस कपाटं सरकवल्यासारखं ऐकू येतंय, म्हणून म्हटलं हातभार लावावा." मी चप्पल घातली आणि खाली पार्किंगमध्ये फिरायला लागले. तिथे वॉचमन विचारायचा, "मॅडम, कुछ गिर गया क्या?" रस्त्यावर गेले तर ओळखीचे हटकायचे, कुठे निघालीस, सोडू का गाडीवर. अहो, कुठेच निघाले नव्हते!

भर दुपारी एखादी बाई एकटीच गोल गोल फिरतेय आणि तिला कुणी काही विचारत नाही, अशी जागा शेवटी मला सापडली. आमच्या गल्लीच्या टोकाला दत्ताचं छोटं देऊळ आहे, अंगणात औदुंबर. मी हात जोडले, खरं तर हातांचं काय करावं कळेना म्हणून जोडले, आणि फिरायला लागले. किती फेऱ्या झाल्या कोण मोजतंय. अंग थोडं हलकं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

* * *

आणि इथून सगळ्यांचाच घोळ सुरू झाला.

आधी देवळासमोरच्या दुकानातल्या काकूंनी आईंना सांगितलं, "काय श्रद्धा हो तुमच्या सुनेची!" आईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. ज्या सुनेनं लग्नानंतर एकदाही स्वतःहून निरांजन लावलं नव्हतं, ती उन्हातान्हात प्रदक्षिणा घालतेय! त्यांनी अमरावतीला फोन लावला. "पोरगी देवाले लागली वं. आता बरी होतेच पाहा." माझ्या पायाला फोड आला तर त्यांनी रात्री त्याला तूप चोळलं आणि तो फोडच जणू प्रसाद असल्यासारखा तुपाचा हात भक्तीनं कपाळी लावला.

प्रशांतही खूश. दवाखान्यातून आल्यावर बायको भिंतीकडे बघत बसेल अशी त्याला भीती होती. इथे ती बसतच नव्हती. "अगं, किती ऍक्टिव्ह झालीस," तो म्हणाला. गल्लीतल्या एक बाई तर मला गाठून म्हणाल्या, "तुम्ही घालताच आहात, तर आमच्या चिन्मयच्या नावानंही अकरा घाला ना. बारावीला आहे." मी बरं म्हणाले. चिन्मय पास झाला, असं ऐकलंय. मला नमस्कार केला नाही एवढंच.

मध्येच दोन महिने पाळी आली नाही. तोही गोळीचाच परिणाम होता, पण आईंनी डिंकाचा भाव विचारून ठेवला होता. आमच्या घरात त्या दिवसांत प्रत्येक साइड इफेक्टला एक शुभ अर्थ होता.

मग मी का बोलले नाही? हे मला नंतर खूप जणांनी विचारलं. एक तर मला वाटायचं हा आजारच आहे, दुसऱ्या दारानं परत आलाय. सांगितलं तर पुन्हा वॉर्डात ठेवतील, ओवीपासून लांब. आणि दुसरं, सगळे इतके आनंदात होते. प्रशांत पुन्हा हसायला लागला होता. त्यांना काय सांगायचं, की हे देवदेव वगैरे काही नाही, मला नुसतं थांबता येत नाहीये? पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी आवाजांचं विचारलं, झोपेचं विचारलं. पायांचं कुणी विचारलं नाही.

एका दुपारी मनात आलं, मेले तर निदान थांबता येईल. हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. ठेवतेय. मला मरायचं नव्हतं, मला फक्त टेकायचं होतं, पण त्या त्रासात या दोन्हींत फरक कळेनासा होतो. तुमच्या मनात असं काही आलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. मी सांगितलं नाही. मी वेगळंच ठरवलं. पुढच्या तपासणीला जाऊन यायचं, सगळं छान आहे म्हणायचं आणि त्या दिवसापासून गोळी गुपचूप बंद करायची. आवाज परवडले. निदान ते बसू तरी देत होते.

रिकामा डबा मला आठवत नव्हता असं नाही. आठवत होता. तरीही ठरवलं, यावरून त्या बसता न येण्याचा अंदाज करा.

* * *

त्या तपासणीला प्रशांतला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आई बरोबर आल्या. बाहेरच्या बाकावर त्या बसल्या, मी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते. आत गेल्यावर आई खुर्चीत बसल्या, मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले.

"कशा आहेत?" डॉक्टरांनी आईंनाच विचारलं.

"एकदम बेस, डॉक्टरीणबाई. तुमच्या गोळीनं अन् दत्ताच्या कृपेनं. रोज देवळात जाते. सकाळ-संध्याकाळ घंटा घंटा प्रदक्षिणा घालते."

"छान." डॉक्टर लिहीत होत्या. "आवाज?"

"नाहीत," मी म्हणाले.

"बस, एकच गोष्ट खटकते मले," आई म्हणाल्या. आता त्यांना तक्रार करायला हक्काचं माणूस मिळालं होतं. "दर्शन झाल्यावर घडीभर देवळात टेकाव लागते ना? न टेकता घरी आलं तं काय उपयोग? हे पोरगी टेकतच नाही. एवढ्या प्रदक्षिणा घालते, अन् पायरीवर मिनिटभर टेक म्हटलं तं नाही. कितीदा सांगतलं तिले."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी वर बघितलं, माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे.

"मीनल, जरा बसता का?"

"ठीक आहे मी उभी."

"माहितेय. तरी बसा. मला बघायचंय."

मी बसले. गुडघे हातांनी दाबून धरले. टाचा आपोआप उचलल्या जात होत्या. डॉक्टर माझ्या टाचांकडे बघत होत्या आणि मला वाटत होतं की हे संपणारच नाही. मी उठले.

"मला एक सांगा. देवळात जावंसं वाटतं म्हणून फिरता, की फिरल्याशिवाय राहवत नाही म्हणून देवळात जाता?"

मी रडायलाच लागले. उभ्यानंच. येरझाऱ्या घालत घालत. त्या एवढ्याशा खोलीत टेबलापासून दारापर्यंत रडत फिरणारी बाई, आणि तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघणाऱ्या तिच्या सासूबाई.

"हा तुमचा आजार नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "हा माझ्या गोळीचा परिणाम आहे. याला नाव आहे, यावर उपाय आहे. तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "खरंय," म्हणाल्या. "विचारायला हवं होतं."

डॉक्टरांनी चूक कबूल केल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी मी गोळी बंद करणार होते हे मग मीही सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बंद नाही करायची, बदलायची. आणि तेही मी सांगेन तसं, हळूहळू."

मग त्यांनी समजावून सांगितलं, मला कळलं तसं सांगते. मेंदूत एक रसायन असतं, कशाकडे लक्ष द्यायचं नि कशाकडे नाही हे ठरवायला ते मदत करतं. माझ्या आजारात त्याचा जोर झाला होता, म्हणून पाटीसुद्धा मला महत्त्वाची वाटत होती. मी म्हटलं, म्हणजे पानावरचं सगळंच बोल्ड झालं होतं. त्या हसल्या, म्हणाल्या, हो, आणि गोळी तो बोल्डपणा काढते. पण तेच रसायन हालचालींवरही ताबा ठेवतं. तिथेही गोळी पोचते, आणि मग कुणाचं अंग आखडतं, कुणाचे हात थरथरतात, कुणाला तुमच्यासारखं बसवत नाही. प्रत्येकाला होतं असं नाही. झालं तर सांगायचं.

* * *

परतताना रिक्षात आई माझ्या पायांकडेच बघत होत्या. धायरी फाट्याजवळ आल्यावर एकदम म्हणाल्या, "मी पुऱ्या गावाले सांगतलं वं, देव पावला म्हणून. अन् तू तरास काढत होती." पदर तोंडाला लावून त्या रडू लागल्या. "मायाच डोयांसमोर. मले काऊन नाही दिसलं?"

"मलाही नव्हतं कळलं, आई."

"तुले काय कळनार, तू त बिमार हायेस." हे इतकं खरं होतं की मला हसू फुटलं. मग त्याही हसल्या, आणि रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघायला लागला. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही तक्रार केलीत म्हणून तर कळलं त्यांना." ते मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं.

जुनी गोळी कमी होत गेली, नवी वाढत गेली, अस्वस्थपणासाठी मधल्या काळापुरती आणखी एक छोटी गोळी होती. फरक एका दिवसात पडला नाही. आधी मी अख्खं जेवण बसून जेवले. मग वर्तमानपत्र बसून वाचलं. मग स्वारगेटपर्यंत बसमध्ये जागा मिळाली तेव्हा बसले, आणि उतरायची इच्छा होईना.

नवी गोळी काही गुणाची पुतळी नाही. सकाळी डोळे उघडत नाहीत. भूक इतकी लागते की आपलीच लाज वाटावी. सगळे ब्लाउज उसवून घेतले. आई म्हणतात, अंग धरलं पोरीनं, आणि मी म्हणते, आई, हासुद्धा साइड इफेक्टच आहे, याचा पेढा वाटू नका. आता डॉक्टर दर वेळी वजन करतात, साखर तपासायला सांगतात, आणि पायांचं न चुकता विचारतात. छापखान्यात अर्धा दिवस जाऊ लागलेय. कधी कधी एखादी पत्रिका लावताना ओळीवर नजर अडकते. मग मी ती ओळ शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगते. ती नुसती ओळ असते.

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. गोळी घेताना अंगाला जे होईल ते सांगा, कितीही फालतू वाटलं तरी. घरच्यांनी पेशंटचं कौतुक करण्याआधी त्याला एकदा विचारावं, तुला आतून कसं वाटतंय. आणि गोळी आपल्या मनानं बंद करू नका. मी किती जवळ गेले होते ते तुम्ही वाचलंतच.

* * *

मागच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी दिवाणाला टेकून फरशीवर बसले होते. ओवी येऊन पालथी आडवी पडली आणि बोलता बोलता माझ्या मांडीवर झोपून गेली. जड झालीये आता. पंख्याखाली तिचे केस उडत होते. आई आत भांडी लावत होत्या.

बऱ्याच वेळानं माझ्या पायाला मुंग्या यायला लागल्या. आधी पावलाला, मग पोटरीला, मग मांडीपर्यंत. बसून बसून पाय बधिर झाला होता. माझा पाय, बसून बसून! मला इतकं भरून आलं की काय सांगू.

प्रशांतनं बाहेरून येऊन माझं तोंड बघितलं आणि त्याला वाटलं मला त्रास होतोय. तो हळूच वाकला. "उचलू का तिला? पलंगावर ठेवतो."

"हात लावू नकोस," मी म्हणाले.